बयाबाईचा धडधाकट मेंदू

दोन हजार तीन साली, द्राक्षवेलींच्या ऑक्टोबर छाटणीनंतर, धाकट्या जावेला, सखूला, डिप्रेशन असल्याचं निदान झालं आणि थोरल्या बयाबाईचा जळफळाट सुरू झाला. तीन आठवडे सखू पलंगावर आणि सासू वत्सलाबाई तिच्या उशाशी. "खाल्लं का? झोप लागली का?" बयाबाईला चौदा वर्षांच्या संसारात हे कोणी विचारलं नव्हतं. सखूचा आजार खरा आहे हे तिला कळत होतं. तरी हेवा वाटायचा तो वाटतच होता.

पिंपळगावच्या त्या घराचं सगळं आयुष्य द्राक्षांत गेलेलं. बयाबाईने नेमकं तेच धरलं.

"आत्याबाई, पानांचे देठ लॅबात तपासून खताची कमतरता निघाली तर औषध काय एकाच वेलीला देतो का आपण? अख्ख्या प्लॉटला देतो! आम्ही एका चुलीवरचं खातो. तिच्या मेंदूत रसायन कमी म्हणत्यात, तर माझ्यात बी असंलच."

वत्सलाबाईंना पटलं. इतकं पटलं, की त्यांनी दोन्ही लेकांसह अख्खा प्लॉट जीपमध्ये घालून नाशिकच्या डॉक्टरांपुढे उभा केला.

वत्सलाबाईंकडून देठांचा हिशेब ऐकून डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "आजी, हे देठ तपासून कळत नाही. मेंदूतली एक पेशी दुसरीला रसायनातून निरोप देते, त्यात बिघाड होतो. पण नुसतं काहीतरी कमी पडलं, इतकं ते सोपं नसतं. औषधाने हळूहळू फरक पडतो, आठवडे जातात." मग ते बयाबाईकडे वळले. "झोप?"

"डोळ्याला डोळा नाय, डागदर."

"लय घोरती," तिचा नवरा नाथा म्हणाला.

"भूक?"

"पार मेली."

"सकाळीच तीन भाकरी खाल्ल्या," वत्सलाबाई म्हणाल्या.

"बरं, मन कशात लागतं?"

"सखूला कोण काय देतं, ते बघण्यात," बयाबाई खरं बोलून गेली.

"तुम्ही ठणठणीत आहात."

परतताना बयाबाई हमसाहमशी रडू लागली. "मला साधा आजार बी मिळत नाय या घरात!"

वत्सलाबाईंना ते लागलं. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला. बयाबाईने सुखाने डोळे मिटले.

"आत्याबाई," मागून सखूचा आवाज आला. तीन आठवड्यांत हो-नाहीपलीकडे ती बोलली नव्हती. "आजारी मी हाय ना? मग जाऊबाईंना कशाला कुरवाळता?"

"बोलली गं माझी बाय!" वत्सलाबाई गर्रकन मागे वळल्या आणि बयाबाईचं डोकं सीटवर आदळलं.

"सखे, एक मिनिट तरी मिळू द्यायचं होतंस!"

"एक मिनिट? आडगावपासून पडल्यात तुम्ही मांडीवर!"

दोघी कडाकडा भांडू लागल्या. ओझर मागे पडलं, तशी सखूच्या नवऱ्याने, सोमनाथने, डोळे पुसत जीप आणखी हळू केली. सखू बोलत होती, त्याला घर इतक्यात यायला नको होतं.