बिनआवाजाची कप्पी

प्लास्टिकला कोणतं वंगण चालतं, हे अख्ख्या बेटावर आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, अशी तोरलेफची ठाम समजूत होती. तरीही त्याच्या छोट्या शिडाच्या बोटीवरची प्लास्टिकची कप्पी अशी किंचाळायची, की त्याची बायको बोरगिल्ड कित्येक वर्षं बोटीत पाऊल टाकत नव्हती. लग्नाआधी दोघं याच फियोर्डवर, डोंगरांत शिरलेल्या या खाडीत, चकार शब्द न बोलता तरंगत राहायची. यंदा ऐन उन्हाळ्याच्या सणाला, किनाऱ्यावर शेकोट्या पेटल्या की तिला पुन्हा तसंच न्यायचं आणि आजवर ओठांवर येऊन राहिलेलं एकदाचं बोलून टाकायचं, असं त्याने ठरवलं.

धक्क्यावरचं दुकान चालवणाऱ्या मारितने त्याला परोपरीने समजावलं. इंजिनाचं ग्रीस लावू नकोस, पेट्रोलियमच्या तेलाने प्लास्टिकला चिरा पडतात. ही सिलिकॉनची बाटली ने. तोरलेफ नुसता हसला.

"आमच्या घरी हिवाळाभर चमच्याने कॉडलिव्हर ऑइल पितात," तो म्हणाला. "माणसाच्या पोटाला चालतं, ते कप्पीला चालणार नाही?"

"बघ बाबा," म्हणत मारितने बाटली परत फळीवर ठेवली.

त्याने कप्पीला तेच माशाचं तेल चोपडलं आणि खरोखरच कप्पी गप्प झाली. शीड अलगद वर गेलं. सूर्य मावळायचं विसरून डोंगराच्या कडेला रेंगाळत होता, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, दूरच्या शेकोट्या पाण्यात उलट्या जळत होत्या. बोरगिल्डने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. कसला तरी वास येतोय, असं ती पुटपुटली. समुद्राचा, असं त्याने सांगून टाकलं. इतका सुखी तो बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

त्याने घसा साफ केला, आणि डोलकाठीवर एक सीगल येऊन बसला. त्याने कप्पी चाखून पाहिली. त्याला आवडली असावी, कारण त्याने नातेवाईकांना हाका मारल्या. बघता बघता सीगलांच्या गर्दीत शीड दिसेनासं झालं! तोरलेफने मनातलं सांगितलं, पण त्या कलकलाटात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मग ओरडून सांगितलं. बोरगिल्ड नुसती 'ऐकू येत नाही' अशी मान हलवत राहिली.

तेवढ्यात पलीकडून जाणाऱ्या मच्छीमार बोटीने माशांची डोकी पाण्यात टाकली आणि सगळे सीगल एका झेपेत तिकडे गेले. तोरलेफ मात्र छाती भरून आधीच सुरू झाला होता.

"बोरगिल्ड, मला अजून तूच आवडतेस!"

ते डोंगरावर आपटून दोनदा परत आलं. धक्क्यावरच्या शेकोटीपाशी आधी सामसूम झाली, मग टाळ्या पडल्या. त्यात मारितच्या टाळ्या सगळ्यात मोठ्या होत्या.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं," बोरगिल्ड हळूच म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"पुन्हा ऐकायचं होतं."

तोरलेफचे डोळे भरून आले. त्याने तिला जवळ घ्यायला हात पुढे केले.

"आधी अंघोळ कर," ती म्हणाली.