टँकर कशाचा?

रविवारी सकाळी गोरख, त्याची बायको रत्ना आणि मुलगी प्रेरणा घर बघायला म्हणून किकवीत चिमाजींच्या दारात उतरले, तेव्हा मांडवाखाली जमलेल्या वीसपंचवीस माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पाव्हण्यांचा दुधाचा टँकर आहे.

हे दूध आलं कुठून, ते गोरखलाही नीटसं माहीत नव्हतं. महिन्यापूर्वी चिमाजी आपल्या मुलासाठी, अमृतसाठी, मुलगी बघायला वेल्ह्याकडे गोरखच्या घरी आले होते. "तुमी काय करता?" त्यांनी विचारलं. "टँकरवर हाय," गोरख म्हणाला. पुढचं सांगायला त्याने तोंड उघडलं तोच रत्नाने पोह्यांची बशी मध्ये धरली. "दुधाच्या व्हय?" असं म्हणून चिमाजींनी उत्तराची वाट न बघता पहिला घास घेतला. गोरख बायकोकडे बघत राहिला आणि बायको पोह्यांकडे.

टँकर होता संडासाच्या टाक्या उपसणारा. मालक कापूरहोळचा, ड्रायव्हर गोरख. मालकाला फोन घ्यायचा कंटाळा, म्हणून टँकरच्या पाठीवर नंबरही गोरखचाच. नऊ वर्षं तो हे काम करत होता. लोक त्याला अडलं की हाका मारत आणि काम झालं की पाणी उंबऱ्याबाहेर आणून देत. त्यामुळे कुणी विचारलं की रत्ना "ड्रायव्हर हायेत" एवढंच सांगायची आणि विषय बदलायची.

किकवीत मात्र विषय बदलेना. कारण चिमाजींची आई, अक्काबाई. वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, पण चौकशी शाबूत. अंगणातल्या बाजेवर बसून तिने गोरखला समोरच्या खुर्चीत बसवून घेतलं.

"किती लिटरचा टँकर म्हनायचा?"

"पाच हजार," गोरख म्हणाला.

"अगं बया! आन् रोज भरतो?"

"कधी कधी दोन खेपा व्हत्यात."

"गाईचं का म्हशीचं?"

गोरखने घाम पुसला. "मिक्स असतं."

"उन्हाळ्यात नासत आसंल की."

"वास येतो जरा," गोरख प्रामाणिकपणे म्हणाला. रत्नाने त्याला कोपर मारलं.

"आन् पातळ असतं का घट्ट?"

"ते घराघरावर हाय, आक्का."

अक्काबाईने समाधानाने मान हलवली. माणूस खरं बोलणारा दिसतोय, असं ती शेजारणीला म्हणालीसुद्धा.

तेवढ्यात घरामागून अमृत धावत आला आणि बापाच्या कानाला लागला. चिमाजींचा चेहरा पडला. सकाळपासून वीसपंचवीस माणसांनी वापरलेला संडास चोकप झाला होता. नुसता चोकप नाही, मागचं चेंबर भरून पाणी मांडवाच्या दिशेने निघालं होतं, आणि मांडवात पंगत बसायची होती.

"आरं, हायवेला त्या टँकरच्या मागं नंबर असतो बघ," चिमाजी दबक्या आवाजात म्हणाले. "कुनाकडं हाय का?"

शेजाऱ्याकडे नंबर निघाला. चिमाजींनी फिरवला. गोरखच्या खिशातला मोबाईल वाजला. नंबर अनोळखी होता. सोयरीक जुळवायला बसलेल्या माणसाने कामाचा फोन कसा घ्यायचा? त्याने कट केला.

चिमाजींनी परत लावला. परत वाजला, परत कट.

"उचलत न्हाई मेला," चिमाजी करवादले. "घाण उपसायची कामं आन् माज बघा!"

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा अक्काबाईचे डोळे बारीक झाले. "चिमाजी, थांब. बंद कर."

चिमाजींनी बंद केला. गोरखचा फोन गप्प झाला.

"आता लाव."

फोन वाजला.

"बंद कर."

गप्प.

"परत लाव बरं," अक्काबाई म्हणाली. तिला आता मजा येऊ लागली होती.

फोन वाजतच राहिला. सगळा मांडव गोरखकडे बघत होता. रत्नाने खाली मान घातली. गोरखने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. प्रेरणा हळूच म्हणाली, "घ्या की, पप्पा. गिऱ्हाईक आहे."

गोरखने फोन कानाला लावला. "हॅलो. टाकी केवढी हाय?"

समोर पाच हातांवर उभे असलेले चिमाजी गोंधळून फोनमध्येच बोलले, "सहा बाय पाच."

"गाडी दारापत्तुर येती का?"

"येती."

"पत्ता?"

"किकवी... हितंच," चिमाजी म्हणाले आणि त्यांनी फोन खाली घेतला.

कोणी हसलं नाही. दोघी बायकांनी मात्र नाकाला पदर लावला. चेंबरचा वास केव्हापासून येत होता, पदर आत्ता लागले.

त्या दिवशी गोरखची सुट्टी होती, पण टँकर कापूरहोळला उभा होता. अमृतने मोटारसायकल काढली आणि गोरखला मागे बसवलं. अर्ध्या तासाने दोघं मोटारसायकल तिकडेच ठेवून टँकरमधूनच परतले. गोरखने कडक इस्त्रीच्या पँटवर गमबूट चढवले, हातमोजे घातले आणि विचारलं, "टाकीचं झाकण कुठंशी हाय?"

घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. चिमाजी पूर्वेला हात करत होते, त्यांचा भाऊ पश्चिमेला.

"माझ्या बाजंखाली," अक्काबाई म्हणाली. "मला कोन इचारतंय?"

बाज अक्काबाईसकट उचलून बाजूला ठेवली. फरशी उखडली, झाकण पहारीने सरकवलं. टेन्शनमध्ये पेटवलेली विडी बोटात धरून चिमाजी आत किती भरलंय ते बघायला वाकले.

"विडी फेका!" गोरख असा ओरडला की मांडवातली पोरं जागेवर थिजली. "मागं व्हा! समदी मागं व्हा! आत गॅस आसतो. हितं वाकलेला मानूस परत सरळ व्हत न्हाई!"

सकाळपासून खुर्चीच्या टोकावर बसलेला हाच माणूस का, असा प्रश्न पडावा असा तो आवाज होता. चिमाजींनी विडी लांब भिरकावली आणि स्वतःही तितकेच लांब गेले. मांडव निम्मा रिकामा झाला. गोरखने आतला गॅस निघून जाऊ दिला, मग जाड पाईप टाकीत सोडला.

"पाईप धरायला एक जन लागंल," तो म्हणाला.

सगळे आपापल्या चपला बघू लागले. अमृत पुढे आला. त्याचा शर्ट नवा होता आणि दोन मिनिटांत तो नवा राहिला नाही.

मशीन सुरू झालं. अक्काबाई लांबून ओरडून विचारत होती, पाईप किती फुटी, टँकरवरचा काटा कशाचा, हे सगळं नेतात कुठं? गोरख प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर देत होता, आणि या वेळी घाम पुसत नव्हता. तासाभराने टाकी रिकामी झाली आणि मोरीतलं पाणी सरळ वाटेने वाहू लागलं. मघाशी नाकाला पदर लावलेली एक बाई गोरखजवळ येऊन कुजबुजली, "दादा, आमच्याकडं बी भरलीया वाटतं. कदी येताल?"

हातपाय धुऊन झाल्यावर चिमाजी घसा खाकरत म्हणाले, "पाव्हनं, काम झ्याक केलं. पर आदी सांगायचं व्हतं. चार लोकं काय म्हनतील? आमाला जरा इचार करावा लागंल."

गोरखने मान खाली घातली. रत्नाने मात्र, दिवसभरात पहिल्यांदाच, वर केली.

"दादा, एक इचारू? ही टाकी या आदी कदी उपसली व्हती?"

चिमाजींनी आईकडे पाहिलं.

"बांदल्यापासनं न्हाई," अक्काबाई म्हणाली. "बावीस वर्सं झाली."

"बावीस वर्सं," रत्ना म्हणाली. "आन् झाकण कुठं हाय ते म्हातारीबिगर कुनाला ठावं न्हाई. मग इचार आमालाबी करावा लागंल, दादा. पोरगी द्यायचीय."

पंगत झाली, श्रीखंड वाढलं गेलं, पण यजमानांचं लक्ष सगळं रत्नाच्या चेहऱ्याकडे. टँकर कापूरहोळला पोचवायचा होता, म्हणून तिघंही केबिनमध्ये चढली. चिमाजी दाराशी येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, निरोप कदी कळवताल?"

"कळवू," रत्नाने दार ओढून घेतलं.

टँकर हायवेला लागला. मग प्रेरणा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, एवढ्या माणसांत पाईप धरायला तो एकटाच पुढं आला."

"बघितलं म्या," रत्ना म्हणाली. "व्हय म्हनायचंच हाय. पर तीन दिस थांब. त्यास्नी जरा वाट बघू दे."