स्पडचा गुरुमंत्र

"खेळाडूच आहे तो," ओरेस्ट बोडनारचुक कपाआडून पुटपुटला. "मान बघा नुसती. तसली मान शेतीभाती करून येत नाही."

टेबलावरचे सगळे एकदम वळले आणि आपण वळलोच नाही असं दाखवत पुन्हा सरळ झाले. कोपऱ्यातल्या टेबलावर एक धिप्पाड तरुण सहा अंडी, चार टोस्ट आणि बटाट्यांचा डोंगर शांतपणे संपवत होता. बाहेर उणे पस्तीस होतं आणि याच्या अंगात पातळसं जाकीट. म्हणजे गडी इथला नव्हे.

नॉर्डबी गावात कर्लिंगचा हॉल आहे. हिवाळाभर गाव तिथं बर्फावर दगड सरकवत असतं, आणि हॉलला लागून लुझची खानावळ आहे. रोज सकाळी म्हाताऱ्यांची कॉफीची पंगत तिथं बसते. फासे टाकायचे, हरेल त्यानं बिल द्यायचं, आणि मग फुटबॉलवर बोलायचं. फुटबॉल म्हणजे आपला, चेंडू काखेत मारून एकमेकांच्या अंगावर पडायचा. सीझन नोव्हेंबरात संपतो, पण बोलणं खरं तेव्हाच सुरू होतं. खेळ चालू असताना बघावं लागतं ना, बोलायला सवड कुठली?

या हिवाळ्यात तर बोलायला खंडीभर विषय होते. लीगचे मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार मे महिन्यात संपत होता. नवा झाला नाही तर संप, आणि संप झाला तर उन्हाळा कोरडा. शिवाय नोव्हेंबरातली जखम ताजी होतीच. पूर्वेकडच्या टीमच्या प्रॅट नावाच्या कुणा मेल्यानं शेवटच्या क्षणी अशी लाथ हाणली होती की चेंडू खांबांमधून पार आणि आपली हिरवी टीम घरी. पंगतीची सुरुवातच ओरेस्टच्या शिव्यांनी व्हायची. "त्या प्रॅटच्या पायाला मुंग्या येवोत!" तो म्हणायचा, आणि सगळे आमेन म्हटल्यासारखी कॉफी प्यायचे.

"आता मागच्या वर्षीसारखं व्हायला नको," स्पड म्हणाला.

स्पडचं खरं नाव एल्मर फेल्स्टाड, पण ते फक्त सरकारी पत्रांवर. जन्मभर ट्रॅक्टर विकले, आणि आता तो गावचा नगराध्यक्ष होता. मागच्या वर्षी काय झालं होतं, तर खानावळीत पाव टाकायला येणारा गाडीवाला हिरव्या टीमचा पक्का खेळाडू निघाला. या लीगमध्ये खेळाडूंना हिवाळ्यात दुसरी कामं करावी लागतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पंगतीनं अख्खा हिवाळा त्याला "पाव शिळा आहे" म्हणून झापलं होतं. शेजारच्या गावानं ते कळल्यावर जी काही लाज काढली, ती विचारू नका.

"मग विचारते ना मी त्याला, तू कोण म्हणून," लुझ किटली घेऊन निघाली.

"खबरदार!" स्पडनं तिला अडवलं. "नव्या टीमशी झालेली सही जाहीर होईपर्यंत खेळाडूंना तोंड उघडायची बंदी असते. आपण विचारायचं, तो घाबरायचा, आणि जायचा दुसऱ्या टीमकडं. कुणी काही विचारायचं नाही!"

"अहो, नाव विचारल्यानं कुणी पळून जातं का?"

"तू अंडी बघ, लुझ."

मग पंगतीनं त्या धिप्पाड गड्याला आपल्या टेबलावर बोलावलं. तिथं एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस ओटची लापशी खात बसला होता. आठवडाभर तो रोज तिथंच बसायचा, एक पाय सारखा हलवत. त्याला ओरेस्ट म्हणाला, "ए बाळा, जरा पलीकडं सरक. या गड्याला पाय पसरायला जागा हवी." बिचारा आपली वाटी घेऊन मुकाट्यानं सरकला.

धिप्पाड गडी बसला. खुर्ची करकरली. पंगतीला भरून आलं.

"हे बघ पोरा," स्पडनं आवाज उतरवला, "तू काही बोलू नकोस. आम्हाला सगळं माहीत आहे."

त्याचा घास तोंडातच राहिला. "सगळं?"

"गाव लहान आहे. करार, मालक, तुझी माणसं, सगळं. आणि सांगतो, गाव तुमच्या बाजूनं आहे."

"खरंच?" त्याचे डोळे चमकले. "मला तर बजावून पाठवलं होतं, तिकडं तुला कुत्रं विचारणार नाही म्हणून."

"कुत्रं?" ओरेस्ट तापला. त्याचा जन्म पोटॅशच्या खाणीत आणि तिथल्या संघटनेत गेला होता. "कडाक्याच्या थंडीत हाडं मोडेस्तोवर राबणारी पोरं तुमची! मी तर म्हणतो, संप करा!"

"संप नको!" स्पड किंचाळलाच. "संपाविना मिळतंय ना, मग संप कशाला? पोरा, माझं ऐक. मी स्वतः मालक आहे, बरं का!"

पंगत खदखदून हसली. हिरव्या टीमला कुणी धनाढ्य मालक नाही, ती साध्यासुध्या भागधारकांची. स्पडकडं तिचा एक शेअर होता, त्यातून दमडी सुटत नव्हती, पण तो चौकटीत बसवून त्यानं बैठकीच्या खोलीत लावला होता आणि दिवसातून एकदा तरी मालकी मिरवायचाच. सगळे हसले म्हणून धिप्पाड गडीही हसला.

"म्हणून सांगतो, मालकाच्या पोटात काय असतं ते मला विचार. मालक दोन टक्के म्हणाला की समजायचं, मनात चार आहेत. मग तू काय करायचं?"

"भांडायचं."

"छट्! गप्प बसायचं. माणसाला शांतता सोसत नाही, मालकाला तर त्याहून नाही. तू नुसता बघत राहा. तोच घाबरून वाढवत जाईल. मी असे किती ट्रॅक्टर विकलेत! आणि दुसरं, मालकाचा जीव कशात अडकलाय ते हुडकून काढ."

"ते कसं कळणार?"

"अरे, तो आपणच सांगतो! राहवतच नाही त्याला. आता माझंच बघ ना." आणि स्पड सुरू झाला. हॉलचं बर्फ गोठवायचं यंत्र कसं म्हातारं झालंय, रात्री कसं खोकतं, ते बंद पडलं तर हॉल बंद, हॉल बंद तर खानावळ बंद, खानावळ बंद तर ही पंगत कुठं बसणार? नवं यंत्र आणीन असा शब्द त्यानं गावाला दिला होता. यंदा नगरपालिकेत जरा पैसा उरला तरच ते जमणार होतं. आणि येत्या शनिवारी बारा गावांची स्पर्धा, त्यात जर बर्फ वितळला तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

"पण मालक असून तुम्ही आम्हाला का शिकवता?" गड्यानं हसत विचारलं.

"पैसा काय माझ्या खिशातून जायचाय?" स्पड म्हणाला, आणि पंगत पुन्हा हसली.

पुढचे दिवस गावानं त्या गड्याचे असे लाड केले की जावयाचे कुणी करणार नाही. ओरेस्टच्या बायकोनं बटाटा-चीज भरलेल्या पेरोगींचं पातेलं पाठवलं. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून स्पडनं आपल्या घरची वायर ओढून त्याच्या गाडीला लावली, आणि त्या नादात स्वतःची लावायची विसरला. गुरुवारी सकाळी त्याची गाडी ढिम्म हलेना. नगरपालिकेत महत्त्वाची बैठक, म्हणून तो पायीच निघाला, नाकाचं बोर झालेलं.

बैठक होती गावच्या चार कामगारांच्या पगारवाढीची. रस्त्यावरचा बर्फ काढणारे, नळाचं पाणी बघणारे, असे चौघं. स्पडचा हिशेब साधा होता. दोन टक्क्यांवर आटपलं तर यंत्र येणार. अगदीच अडलं तर चारपर्यंत जायची परवानगी होती, पण मग यंत्राच्या नावानं आंघोळ. तो आत शिरला. पालिकेच्या चिटणीस ब्रेंडाबाई आधीच बसल्या होत्या. समोर बर्फाच्या गाडीचा चालक लिओनार्ड पेल्टिए, आणि त्याच्याशेजारी, खुर्ची भरून, तो धिप्पाड गडी.

"स्पड?" गडी म्हणाला.

"तू?" स्पड म्हणाला. "तू इथं काय करतोयस?"

"मी गॅरेट. संघटनेनं पाठवलंय मला, कामगारांच्या वतीनं बोलायला. तुम्ही खरोखरच मालक? मला वाटलं, थट्टा करताय!"

"म्हणजे तू फुटबॉल खेळत नाहीस?"

"फुटबॉल? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

स्पड मटकन खाली बसला. गॅरेट मात्र सज्जन होता. तो लाजून म्हणाला, "हे बघा, कॉफीवर झालेलं बोलणं मी विसरून जातो. म्हणाल तर दुसरा माणूस पाठवायला सांगतो."

इथं स्पडनं हो म्हणायला हवं होतं. पण जन्मभर ट्रॅक्टर विकलेला माणूस! "काही विसरू नकोस," तो ताठ बसत म्हणाला. "तो डाव माझाच आहे. माझा डाव माझ्यावरच कसा चालेल? लिहा ब्रेंडा, दोन टक्के."

गॅरेट गप्प बसला. लिओनार्डही गप्प. भिंतीतला हीटर टिकटिकत होता. स्पडनं छताकडं पाहिलं, मग खिडकीकडं, मग स्वतःच्या नखांकडं.

"मला ठाऊक आहे तुम्ही काय करताय," तो म्हणाला.

कुणी काही बोललं नाही.

"हे चालायचं नाही, सांगून ठेवतो. अडीच."

ब्रेंडाबाईंनी टेबलाखालून त्याला लाथ मारली. गॅरेट प्रेमानं त्याच्याकडं बघत राहिला.

"अरे बाबांनो, काहीतरी बोला! हवापाण्याचं बोला! तीन. ब्रेंडा, पाय आवरा तुमचा. साडेतीन! हे बघ गॅरेट, पेरोगी खाल्ल्यास ना तू आमच्या? बरं, चार! घ्या चार! आता माझं कातडं तेवढं उरलंय, तेही न्या!"

ब्रेंडाबाईंनी कपाळावर हात मारला. तेव्हा कुठं गॅरेटनं तोंड उघडलं. "लिओनार्ड, शनिवारच्या स्पर्धेसाठी बर्फ कोण तयार करतं?"

"मीच," लिओनार्ड म्हणाला.

स्पडनं डोळे मिटले. यंत्र गेलं, हॉल गेला, आता शनिवारही गेला. गावाला दिलेला शब्द आपण आपल्याच तोंडानं गिळला, आणि तोही फुकटची अक्कल वाटत. त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

"स्पड," लिओनार्ड हळूच म्हणाला, "यंत्राच्या खर्चात निम्मी तर बसवायची मजुरी आहे ना? ती आम्ही चौघं करू, सुटीच्या दिवशी, फुकट. माझी पोरगी त्याच बर्फावर खेळते. तो हॉल काय तुझ्या एकट्याचा आहे? चार टक्के दे, आणि यंत्रही आण."

स्पडनं डोळे उघडले, ब्रेंडाबाईंनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि मान हलवली. स्पडनं टेबलावरून वाकून दोघांचे हात इतक्या जोरात हलवले की गॅरेटसुद्धा कळवळला.

दुसऱ्या दिवशी पंगतीला सगळं आधीच कळलेलं होतं. नॉर्डबीत बातमीला गाडी लागत नाही. स्पड आला, बसला, आणि कुणीच बोलेना. ओरेस्ट हसू दाबून बघतोय, लुझ किटली घेऊन उभी.

"हसा ना एकदाचे," स्पड म्हणाला.

सगळे चिडीचूप.

"बरं. आज फासे नकोत. आजची कॉफी माझी."

तेव्हा टेबलावर जो हशा उठला, त्यानं खिडकीवरचं दव गळलं असेल. त्या गोंधळात पलीकडचा किडकिडीत माणूस हळूच उठून दाराकडं निघाला.

"अहो प्रॅट सर!" लुझनं हाक मारली. "तुमचा डबा राहिला!"

हशा कापल्यासारखा थांबला.

"प्रॅट?" ओरेस्ट म्हणाला. "कुठला प्रॅट?"

"शाळेतले बदलीचे शिक्षक. यांची बायको आपल्या दवाखान्यात नर्स आहे," लुझ म्हणाली. "पोरं रोज सह्या घेतात त्यांच्या. फुटबॉलमध्ये लाथा मारतात म्हणे, पूर्वेकडं कुठंतरी."

पंगतीनं त्याच्या उजव्या पायाकडं पाहिलं. रोज सकाळी ज्या पायाला शिव्या दिल्या, तो पाय इतके दिवस त्यांच्याच टेबलाखाली हलत होता. या खेपेला मात्र कुणी डाव टाकला नव्हता. बोलायला कुणाला शब्दच सुचत नव्हता. प्रॅटनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"त्या दिवशी वारा पाठीमागून होता," तो पुटपुटला.

कुणी काही बोललं नाही.

"तेवढ्यानंच गेला तो. नाहीतर माझ्यानं झालं नसतं."

तरी कुणी काही बोललं नाही.

"बरं," प्रॅटनं खिशात हात घातला, "आजची कॉफी माझ्याकडून." गल्ल्यावर नोट ठेवून, डबा घेऊन तो जवळजवळ पळालाच.

"बघितलंस ओरेस्ट?" स्पड खुर्चीत पसरला. त्याचा चेहरा कालपासून पहिल्यांदाच फुलला होता. "गप्प बसलं की समोरचा देतो! माझंच बिल वाचवलं माझ्या मंत्रानं."

ओरेस्ट मात्र खिडकीतून त्या पाठमोऱ्या पायाकडं बघत होता. एकाएकी त्यानं कपाळावर हात मारला. "अरे गाढवांनो! खरा खेळाडू समोर उभा होता, आणि मेमध्ये संप होणार की नाही, ते विचारायचं राहिलंच की!"

"मी पहिल्या दिवसापासून सांगत होते," लुझ कप भरत म्हणाली. "विचारा म्हणून."