देवमनला बेटा हवा

मासे पाळून, त्यांची पिल्लं वाढवून विकायची, हे देवमनच्या डोक्यात एकदाचं घुसलं आणि घरादाराचा जीव मेटाकुटीला आला. मेडशीच्या बसथांब्याजवळ त्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान. उन्हाळा सरला की कामाच्या नावानं ठणठणाट, आणि मोडक्या कूलरची टपं मात्र ढीगभर. एवढी टपं पडलीत तर त्यात मासे का सोडू नयेत, असा त्याचा सवाल. बायको रंजीता म्हणाली की मग म्हशीही आणा, त्याही डुंबतील. त्यानं ते मनावर घेतलं नाही.

आधी गोल्डफिशची जोडी आणली. तिनं सहा महिने नुसतं खाल्लं, आणि एकदाची अंडी घातली तर तीही स्वतःच फस्त केली. मग आणले गप्पी. त्यांची पिल्लावळ इतकी माजली की तोंड धुवायच्या बादलीतही सापडू लागली. पण विकायची वेळ आली आणि नेमकं त्याच आठवड्यात आरोग्य खात्याच्या माणसांनी डासांवर उपाय म्हणून गावभर गप्पी फुकट वाटले. देवमनच्या अंगणातल्या टाक्यातसुद्धा सोडून गेले. त्या दिवशी रंजीता जी हसली, ते हसू त्याला फार लागलं. वर तिनं बजावलं, की यापुढं घरात एक जरी नवा मासा दिसला तर सगळी टपं भंगारवाल्याच्या गाडीत जातील.

आता शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? पण देवमनला गावाला काहीतरी करून दाखवायचं होतं, आणि गावापेक्षा जास्त रंजीताला. त्यानं कारंज्याच्या तय्यबभाईंना फोन लावला. त्यांचं रंगीत माशांचं दुकान. तय्यबभाईंनी छातीठोकपणे सांगितलं, की बेटा घ्या. बेटा म्हणजे लांब झुलत्या परांचा लढाऊ मासा. धंद्यातली सगळी माणसं त्याला बेटाच म्हणतात. नर दिसायला अगदी नवरदेव, गिऱ्हाईक त्याच्यावरच लट्टू होतं. मादी बिचारी मळकट.

बायकोला सुगावा लागू नये म्हणून देवमन परसात जाऊन बोलत होता. पण कूलरच्या घरघरीवर बोलायची सवय असलेला माणूस तो, त्याचं कुजबुजणंही तिसऱ्या घरात ऐकू जायचं. आणि भिंतीपलीकडं त्याची आई मोतीबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"तय्यबभाई, मले बेटाच पाह्यजे," देवमन म्हणाला. "घरी दोन हायेत, पण त्याईचा काही उपयोग नाही. मी उद्या येतो कारंज्याले. रंजीले पत्ता लागू देऊ नका."

घरी दोन म्हणजे गोल्डफिश. मोतीबाईच्या लेखी घरी दोन म्हणजे तिच्या दोन नाती, निकिता आणि मंजू. म्हातारीचा हात थांबला. नातवासाठी तिनं एकही देव नवसावाचून सोडला नव्हता. पण रंजीताचं तर दुसरीच्या वेळीच ऑपरेशन झालेलं, मग बेटा येणार कुठून? म्हातारीनं डोकं चालवलं. बेटा हवा, बायकोपासून लपवून हवा आणि त्यासाठी कारंज्याला जायचं, म्हणजे पोरानं कारंज्यात दुसरी बाई केली आणि आता तिचा बेटा घरी आणणार. हे पोटात ठेवणं काही तिला झेपण्यासारखं नव्हतं. तिनं ते शेजारणीला शपथ घालून सांगितलं. शेजारणीनं शपथेसकट पुढं पाठवलं. दुसऱ्या दिवशी देवमन कारंज्याच्या बसमध्ये बसला आणि इकडं पिठाच्या गिरणीवर ती बातमी रंजीताच्या कानी पडली. ती रडली नाही. तिनं धनजला भावाला, पंजाबरावला, फोन केला आणि कारंज्याच्या स्टँडवर जाऊन बसायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये देवमननं पिशवी मांडीवर घेतली होती. खड्डा आला की तिला छातीशी धरायचा, आत डोकावून दोन शब्द प्रेमाचे बोलायचा. शेजारी कोणी बसलं म्हणून पाहतो तर साळा. त्यानं आनंदानं रामराम घातला. पंजाबरावनं तो घेतला नाही.

"काय हाये त्या पिशवीत?"

देवमनच्या डोळ्यांपुढं भंगारवाल्याची गाडी उभी राहिली. "भाऊ, तुमी रंजीले आत्ताच सांगू नका," तो अजिजीनं म्हणाला. "मी सांगतो हळूहळू. होते सवय तिले."

त्यावर पंजाबरावनं त्याचं मनगट जे धरलं ते मेडशी येईपर्यंत सोडलं नाही. साळ्याला बस लागली असावी, असं देवमनला वाटलं.

घरापुढं अर्धी आळी जमली होती. रंजीता दारातच कमरेवर हात ठेवून उभी. मोतीबाईनं पदराआड ओवाळणीचं ताट धरलं होतं. सुनेचा राग तिला कळत होता, पण नातू घरात येतो म्हटल्यावर तिचाही इलाज नव्हता.

"आणला का बेटा?" रंजीतानं विचारलं.

यांनीच फोडलं असं वाटून देवमन मनातल्या मनात तय्यबभाईंना शिव्या घालायला लागला. आता लपवून उपयोग नव्हता. "आणला," तो खाली मान घालून म्हणाला. "दोन आणले."

"दोन?" म्हातारीनं ताट पदराबाहेर काढलं.

"आन् तीन माद्या."

एवढं बोलून त्यानं पिशवी उघडली. आत पाण्यानं भरलेल्या पाच लहान पिशव्या, आणि प्रत्येकीत एकेक मासा. पंजाबरावनं वाकून पाहिलं आणि अखेर मनगट सोडलं. मोतीबाईनं त्या लालभडक बेट्याकडं बराच वेळ निरखून पाहिलं आणि कुंकू परत करंड्यात ओतलं. मग मात्र आळीला हसू आवरेना. रंजीताही पदर तोंडाला लावून हसली.

टपं वाचली हे पाहून देवमनला चेव आला. त्यानं तिथंच भाषण ठोकलं.

"हा साधासुधा मासा नोहे. पाण्यावर फेसाचं घर बाप बांधते. मादीनं अंडे देल्ले का तिचं काम सरलं, तिले लगेच बाहीर काढा लागते. मंग बाप एकटा. पिल्लू खाली पडलं का तोंडात धरून वर नेते. पिल्लं आपले आपले पोहत नाहीत तवरी जागचा हालत नाही."

रंजीता पहिल्यांदाच त्याचं मन लावून ऐकत होती. "आन् तवरी माय काय करते?"

"काय करन? दुसऱ्या टपात आराम."

तिनं मान डोलावली. मासे राहू द्या, म्हणाली. देवमनला आभाळ ठेंगणं झालं. तो टपात पाणी भरायला लागला, तेवढ्यात रंजीता आतून बाहेर आली. लुगडं बदललेलं, हातात कापडाची थैली. पोरींचा शाळेचा डबा, सासूची सकाळची गोळी, गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि भावाला धनजची शेवटची बस कधी ते विचारलं.

"कोठी चालली?" देवमनच्या हातातली बादली तशीच राहिली.

"दुसऱ्या टपात," ती म्हणाली. "पोरी आपल्या आपल्या पोह्याले लागल्या का फोन करा."