उतरायचा दर

गंगाधरमामा एसटीतून उतरायला लागले की मागच्यांनी घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगून टाकावं. पहिल्याच पायरीवर मामा थांबतात. चिमटीत नाक धरून कानांत हवा भरतात, बोटांची गोल खूण करून कंडक्टरला खुशाली कळवतात आणि मगच पुढची पायरी. "मामा, खाली हिंगोली आहे, समुद्र न्हाई!" कंडक्टर ओरडतो. मामा पुढच्या पायरीवर पुन्हा नाक धरतात.

मामा हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मापाडी; हळदीची पोती काट्यावर तोलतात. माझं बारदान्याचं, रिकाम्या पोत्यांचं दुकान त्यांच्या काट्यासमोरच. मामांना पोहता येत नाही. समुद्र त्यांनी कॅलेंडरवर पाहिलाय. पण त्यांची एकुलती एक पोरगी वैशाली अंदमानात लोकांना पाठीवर सिलिंडर बांधून बुडी मारायला शिकवते. यंदा ती स्वतः ऐंशी मीटर खाली जाणार होती. एवढ्या खोल साध्या हवेनं नशा चढते, म्हणून त्या हवेत हेलियम मिसळतात.

"हेलियम म्हंजे जत्रंतल्या फुग्यातला?" मामा माझ्या दुकानात येऊन धपकन बसले. "अरे, त्यानं तर पोरगी वर जाईल! खाली कशी जाईल?"

झालं! पाण्यात मिनिटाला किती मीटर खाली जायचं, तो उतरायचा दर मामांनी मनावर घेतला. डोंगरकडा गावच्या पाहुण्याच्या विहिरीत बादलीत दगड घालून सोडायचे आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. तिसऱ्या खेपेला बादली दोरासकट गेली. पाहुण्यानं तेव्हापासून बोलणं टाकलंय. मामांनी निकाल दिला, मिनिटाला एक मीटर.

"बाबा, ऐंशी मिनिटं नुसतं खाली जाण्यात घालवू?" फोनवर वैशाली हसत होती. "फार जोरात गेलं तर कान दुखतात, धाप लागते. पण रेंगाळलं तरी तकलीफच. जितका वेळ खाली, तितका गॅस अंगात मुरतो, मग वर येताना जास्त थांबावं लागतं. आणि सिलिंडर तर तेवढाच." आधी सहा मीटरवर थांबून नळी कुठं गळत नाही ना ते पाहायचं, नाक धरून कान मोकळे करायचे, बोटांनी खुशालीची खूण करायची, मग मिनिटाला वीस मीटरच्या आत, तळाजवळ पुन्हा हळू, असं तिनं पढवलं. मामांना ते तोंडपाठ झालं.

पण मामांचा आवाज काट्यावरचा. ऐन सौद्याच्या वेळी ते फोनवर गरजले, "उतरायचा दर वीसच धर! मिनिटाला वीस! अजून तळ लागला न्हाई, बरंच खाली जायचंय!"

काट्यापलीकडे कळमनुरीचे शेतकरी पोती उतरवून राहिले होते. "दर उतरून राहिला रे! मिनिटाला वीस!" एकानं बोंब ठोकली. उतरवलेली पोती धडाधड परत गाडीत चढली. व्यापारी गोंधळून एकमेकांना फोन करत सुटले. तासभर मोंढा बंद. हा दर पाण्यातला आहे, हे समजावता समजावता माझा घसा बसला.

बुडीच्या रविवारी मामा सकाळपासून माझ्या दुकानात फोन तळहातावर घेऊन बसले. चहा घेईनात. मी वैतागलो. "मामा, दर तुम्हाला पाठ आहे. मग रोज पोरीला तेच तेच काहून विचारता?"

"दुसरं काय विचारू रे?" मामा हळूच म्हणाले. "जेवलीस का म्हणलं तर 'हो'. तब्येत? 'बरी.' लग्नाचं काढलं की फोनच बंद. तुझी मामी होती तवर त्या दोघी बोलायच्या, मी नुसता ऐकायचो. उतरायचं विचारलं की अर्धा अर्धा तास बोलती लेकरू."

मला फार वाईट वाटलं. उगीच पोरकट समजलो होतो या माणसाला.

दुपारी फोन वाजला. मामांनी स्पीकर लावला.

"बाबा, आले वर! ऐंशी मीटर!"

मामा धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून रडले. मग पलीकडून ती म्हणाली, "बरं बाबा, ठेवते."

मामांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. विचारायला काही उरलंच नव्हतं.

"थांब, थांब!" ते ओरडले. "आता याच्याहून खोल कधी जाणार?"

"शंभरला जायचंय बाबा. पण त्याचं गणितच वेगळं," वैशाली म्हणाली आणि सांगत सुटली. मामांनी चपला काढल्या आणि पोत्यावर मांडी घातली.