दिव्याच्या डब्यावर हिरवं पाकीट

लिआव पो-हान तैवानमधल्या शिंचू शहरभर छातीठोकपणे सांगत फिरायचा, की माझा दिवा बर्फात लावा नाहीतर भट्टीशेजारी, उजेड पांढराशुभ्रच पडणार. एलईडी तापला की त्यातला लाल रंग आधी मान टाकतो आणि उजेड निळसर होतो. म्हणून त्याने दिव्याच्या डब्यात सेन्सर बसवला होता. उष्णता जाणवली की तो लाल रंगाला जोर द्यायचा.

आज दिवा बघायला कुओ बाई येणार होत्या. त्यांची बाजारात मांसाची बरीच दुकानं होती. "ऑर्डर नाही मिळाली तर दिवा बंद आणि तू पॅकिंगला," असं कारखान्यातल्या त्सेंग साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं.

एवढं ऐकल्यावर धोका कोण पत्करणार? यंत्राने नीट वागावं म्हणून तिथले सगळे कारखानेवाले करतात तेच पो-हानने केलं. मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट, ज्याच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', ते दिव्याखालच्या डब्यावर ठेवलं.

थोड्या वेळाने साहेब आले आणि थबकले.

"पिवळं पाकीट कुणी ठेवलं? पिवळ्याने यंत्र रजेवर जातं, माहीत नाही?"

"साहेब, हिरवंच आहे."

"म्हणजे मी आंधळा?"

पो-हानने वाकून पाहिलं. पाकीट खरंच पिवळट दिसत होतं. तो चक्रावला. असेंब्लीतल्या शू-फेन ताईंकडून त्याने दुसरं आणलं. दारात हिरवंगार होतं, दिव्याखाली येताच तेही पिवळं!

"एकाने भागत नाही रे," ताई म्हणाल्या. "आणखी ठेव."

त्याने आणखी ठेवली. जितकी पाकिटं वाढली, तितका उजेड गुलाबी होत गेला. कुओ बाई नमुन्याला डुकराचं मांस घेऊन आल्या, तेव्हा डबा दिसतच नव्हता आणि साहेब नवरीसारखे लाजल्यागत दिसत होते.

तेव्हा कुठे पो-हानच्या डोक्यात उजेड पडला. पाकिटांच्या गोधडीखाली डबा घामाघूम झाला होता, आणि सेन्सर बिचारा दिवाच तापला समजून लाल रंग ओतत होता. त्याने सगळी पाकिटं खाली लोटली. उजेड हळूहळू पांढरा झाला. आनंदाने त्याला रडूच यायचं बाकी होतं.

"बघा बाई, पांढराशुभ्र."

कुओ बाईंनी मांस उलटसुलट करून पाहिलं.

"मघाशी किती ताजं दिसत होतं. आता परवाचं वाटतंय. मला बाबा मघाचाच उजेड दे, सगळ्या दुकानांना. आणि उन्हाळा असो की थंडी, रंग जरासुद्धा हलायला नको."

साहेबांनी कौतुकाने पो-हानची पाठ थोपटली. तो मात्र दिव्याकडे बघत बसला. पांढऱ्या उजेडातून ज्या रंगछटांना दोन वर्षं हुसकून लावलं, त्यातल्या गुलाबीला आता घरजावई कसा करायचा, हे काही त्याला सुचेना.