जिव्हाळ्याचा पुरावा

सेवागृहाच्या वरच्या मजल्यावरील एका वृद्ध रहिवाशाने दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत, कोणतीही पूर्वसूचना न देता, खुर्चीसह स्थलांतर केले. हे स्थलांतर उभ्या स्थितीतून आडव्या स्थितीत झाले. खुर्ची सुस्थितीत आहे. सेवागृहाने चिरंजीवांना जे कळवलं ते एवढंच. शेवटी ‘आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार’ असंही होतं.

चिरंजीव एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात उपव्यवस्थापक होते. ही भाषा ते स्वतः दिवसभर लिहीत असल्यामुळे, आपली आई पडली आहे हे त्यांना पुन्हा एकदा वाचल्यावर लगेच कळलं.

ते पोचले तेव्हा आईचा हात प्लास्टरमध्ये होता. दोन्ही दंडांवर चादरीच्या पट्ट्याचे निळे वळ होते. तिला खुर्चीला बांधून ठेवलं होतं आणि सुटायच्या धडपडीत ती खुर्चीसकट कोसळली होती. मजल्यावरची मदतनीस बाई कोपऱ्यात उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

“एकटीच होते हो मी. सगळा मजला माझ्या गळ्यात. आजी सारख्या उठून दाराशी जायच्या. कुणाकुणाकडे बघणार?”

सेवागृहाचे व्यवस्थापक मात्र शांत होते. “बांधणं हा शब्द आम्ही वापरत नाही,” ते म्हणाले. “आमच्याकडे त्याला प्रेमळ आधार म्हणतात.”

चिरंजीवांचा संताप पाहून व्यवस्थापकांनी कडक कारवाई केली. त्या मदतनीस बाईला त्याच दिवशी कामावरून काढलं. तेव्हापासून खालच्या मजल्यावरची बाई दोन्ही मजले बघू लागली. म्हणजे एकटेपणाचा दोष असलेली जागा आता आणखी एकटी झाली. पण कारवाई झाली नाही असं कुणाला म्हणता येईना.

चिरंजीवांनी वकील गाठला. वकीलबाईंचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं. वृद्धांवरच्या अन्यायाच्या केसेस त्या वर्षानुवर्षं लढवत होत्या आणि अशिलांनाही पुरत्या ओळखून होत्या. चिरंजीव आणि त्यांची धाकटी बहीण खुर्चीत टेकतात न टेकतात तोच त्यांनी पथ्य सांगितलं.

“माझ्यापासून काही लपवायचं नाही. चांगलं, वाईट, लाजिरवाणं, सगळं आधी मला कळलं पाहिजे. समोरच्या पक्षाकडून कळलं तर मी तिथल्या तिथे तोंडघशी पडते.”

“आमच्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही,” चिरंजीव म्हणाले.

हे म्हणताना त्यांना एक फोन आठवला. पडण्याच्या थोडे दिवस आधी ते मीटिंगमध्ये असताना व्यवस्थापकांनी विचारलं होतं, ‘मातोश्री सारख्या दाराशी जातात, काही उपाय केला तर चालेल का?’ आणि चिरंजीव कुजबुजले होते, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ पण मीटिंगमध्ये बोललेली वाक्यं त्यांनी आजवर कधी मनाला लावून घेतली नव्हती. याच एका वाक्यासाठी अपवाद करावा असं त्यांना वाटलं नाही.

“आईला भेटायला किती वेळा जायचात?” वकीलबाईंनी विचारलं.

“मनाने तर आम्ही रोज तिथेच असतो.”

“आणि अंगाने?”

भाऊबहिणींनी एकमेकांकडे पाहिलं. “कामं असतात हो,” धाकटी म्हणाली. “पण माझ्या बोलण्यात सारखी आईच असते. हवं तर माझ्या मैत्रिणींना विचारा.”

वकीलबाईंनी सेवागृहाला नोटीस पाठवली. उत्तर आलं आणि चिरंजीवांचे डोळे पांढरे झाले. सेवागृहाचं म्हणणं असं, की रहिवासी दाराशी जात होत्या त्या मुलांची वाट बघायला. मुलं आली असती तर त्या दाराशी गेल्या नसत्या, गेल्या नसत्या तर आधार द्यावा लागला नसता, आधार दिला नसता तर स्थलांतर झालं नसतं. तेव्हा हात मुलांनी मोडला आहे. सेवागृहाने फक्त जागा पुरवली.

“हा निव्वळ कांगावा आहे!” चिरंजीव गरजले.

“आहेच,” वकीलबाई म्हणाल्या. “पण त्याला उत्तर द्यायचं तर जिव्हाळा दाखवावा लागेल. जात जा तिच्याकडे. केसला बरं पडेल. आणि तिलाही बरं वाटेल.”

पहिलं कारण चिरंजीवांना लगेच पटलं. दुसरं त्यांनी जोडकारण म्हणून ठेवून घेतलं. त्याच संध्याकाळी त्यांनी जिव्हाळ्याचं वेळापत्रक आखलं. रविवार त्यांचा, बुधवार धाकटीचा. प्रत्येक भेटीत मायेची एक ठळक कृती व्हायला हवी आणि तिचा फोटो निघायला हवा. चिरंजीवांनी आईची नखं कापली. धाकटीने केस विंचरले.

“दादा, कंगवा नीट दिसत नाहीये. थांब, परत विंचरते.”

त्या बुधवारी दादा खास फोटो काढायला आला होता. कंगवा दिसेपर्यंत आईचे केस पुन्हा पुन्हा विंचरून झाले. “विंचर, विंचर,” आई म्हणत होती. “मला कुठे जायचंय?”

याचा परिणाम व्हायचा तो झालाच. आईच्या गालांवर रंग आला. ती दोन घास जास्त जेवू लागली. रविवारी सकाळपासूनच ती शेजारच्या पलंगावरच्या बाईंना सांगायची, “आज आमचा मुलगा पुराव्याला येणार.”

आणि फोटोत ती हसू लागली. नेमक्या त्या हसण्यावर समोरच्या वकिलाने बोट ठेवलं. रहिवाशाला झालेल्या मानसिक यातना कोणत्या? त्या तर आमच्या संस्थेत कमालीच्या आनंदी दिसतात!

वकीलबाईंनी हे फक्त कानावर घातलं होतं. चिरंजीवांनी त्यातून धोरण काढलं. भेटी चालू ठेवायच्या, आनंद बंद करायचा.

“आई, जरा हसू आवर गं.”

“अरे, पण तू आलास ना!”

“आलो म्हणूनच सांगतोय.”

ती काही ऐकेना. मग चिरंजीवांनी तिला दुःखी करण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला. ते तिला आपली गाऱ्हाणी सांगू लागले. बढती कशी हुकली, वरचा साहेब सगळ्यांदेखत कसा बोलतो, गुडघा कसा दुखतो, बायको हल्ली जेवतानाही फोनमध्येच कशी असते. त्यांना वाटलं, आता तरी हिचा चेहरा पडेल.

पण आईने खुर्ची आणखी जवळ ओढली. एरवी तिला जो भेटे तो ‘सगळं छान आहे’ म्हणून निघून जायचा. तिची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून गेली होती. जन्मभर तिने दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, आणि ते ऐकायचे नाहीत असा नियम होता. आता कुणीतरी पहिल्यांदाच थेट तिच्याशी मनातलं बोलत होतं. ती तहान लागल्यासारखी ऐकत होती. मध्येच म्हणाली, “साहेबाचं राहू दे. गुडघा कुठला दुखतो ते सांग.” चिरंजीवांना काय झालं कोण जाणे, त्यांनी खुर्ची वळवून दुखरा गुडघा तिच्या हाताखाली दिला. त्या दिवशीचा फोटो काढायचा राहिला.

आता सेवागृहही मागे राहीना. जिव्हाळा हा पुरावा असेल तर त्यांनाही तो हवा होता. आईला खिडकीजवळचा पलंग मिळाला. व्यवस्थापक रोज स्वतः चहा घेऊन येऊ लागले, सोबत फोटो काढायला कारकून. एका रविवारी आईच्या मानेखालची उशी सारखी करायला चिरंजीव एका बाजूने आणि व्यवस्थापक दुसऱ्या बाजूने एकाच वेळी वाकले. दोघांनी उशी ओढली. कुणीच सोडेना.

“उशी आमच्या मालकीची आहे,” व्यवस्थापक म्हणाले.

“डोकं आमच्या मालकीचं आहे,” चिरंजीव म्हणाले.

ज्यांचं डोकं होतं त्या म्हणाल्या, “दोघंही जरा खिडकी सोडा. ऊन अडतंय.”

अखेर प्रकरण मध्यस्थीला लागलं. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि टोकाला एक थकलेले मध्यस्थ, ज्यांनी आयुष्यभर दोन्ही बाजूंना ‘मला समजतंय’ असं म्हटलं होतं. एका बाजूला चिरंजीव, धाकटी, आई आणि वकीलबाई. समोर व्यवस्थापक आणि त्यांचे वकील.

वकीलबाईंनी बाजू झकास मांडली. बांधण्याचा प्रकार, अपुरी माणसं, मुलांची माया, सगळं एका सुरात. मध्यस्थांची मान डोलू लागली होती. तेवढ्यात व्यवस्थापक खाकरले.

“आम्ही परवानगी घेतली होती. चिरंजीवांनाच फोन केला होता. ते म्हणाले, योग्य वाटेल ते करा.”

वकीलबाईंची मान सावकाश चिरंजीवांकडे वळली.

“तो... त्याचा संदर्भ वेगळा होता,” चिरंजीव म्हणाले. “आणि असं काही बोलणं झालं याला पुरावा काय?”

“मी आहे ना,” आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती या खोलीत आहे हे बहुतेकांना आत्ताच कळत होतं.

“मी ऑफिसातल्या बाकावरच बसले होते. फोन स्पीकरवर होता. आवाज अगदी स्वच्छ येत होता. खरखर नाही, काही नाही.” हे सांगताना तिच्या स्वरात जुन्या नोकरीचा किंचित अभिमान होता.

चिरंजीव टेबलाच्या लाकडाचं निरीक्षण करू लागले. धाकटी “दादा?” एवढंच म्हणाली.

“आजी,” वकीलबाई हळूच म्हणाल्या, “हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत कुठे? याच्याशी बोललात, हिच्याशी बोललात, डॉक्टरांशी बोललात. माझ्या हाताचेसुद्धा किती फोटो काढलेत. मी आपली हाताला चिकटून होते म्हणून दर वेळी आले.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मग उठून त्यांनी आपली खुर्ची आईसमोर आणून लावली.

“चुकलंच माझं. आता विचारते. तुम्हाला काय हवंय?”

आईचा विचार झालेला होता. “त्या बाईला परत कामावर घ्या. मला बांधताना ती रडत होती. ती वाईट नव्हती, एकटी होती. तिला जोडीला माणूस द्या.”

“यावर धोरणात्मक पातळीवर विचार करता येईल,” व्यवस्थापक म्हणाले.

“करता येईल नाही,” वकीलबाई गरकन वळल्या. “आत्ता लिहून द्यायचं. नाहीतर प्रेमळ आधार म्हणजे काय, ते तुम्ही कोर्टात बांधून दाखवणार आहात, आणि खुर्चीत मी बसणार आहे.”

व्यवस्थापकांनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. त्यांचे वकील छताकडे बघत होते. लिहून मिळालं.

“आणि ह्याचं काय?” आईने चिरंजीवांकडे हनुवटीने खूण केली. “फोनवर हो तर ह्याने म्हटलं.”

“कायद्याने बघितलं तर त्यांचीही जबाबदारी येऊ शकते,” वकीलबाई चाचरत म्हणाल्या. “त्यांनाही प्रतिवादी करता येईल. पण शेवटी तुमचा मुलगा आहे.”

“प्रतिवादीला तारखेला यावं लागतं?”

“लागतं.”

“मीटिंग आहे म्हटलं तर चालतं?”

“मुळीच नाही.”

“आणि मुलाला? मुलगा म्हणून?”

वकीलबाईंनी चिरंजीवांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, “मुलगा म्हणून येणं ऐच्छिक आहे.”

“मग करा प्रतिवादी,” आई म्हणाली.

“आई!” चिरंजीव ओरडले.

“ओरडू नकोस. मध्यस्थ बसलेत.”

चिरंजीवांना उठून टेबलाच्या पलीकडे जावं लागलं, कारण आता त्यांची बाजू तिकडची होती. व्यवस्थापकांनी सरकून जागा दिली. आईने आपल्या पुढ्यातली पाण्याची बाटली तिकडे ढकलली. “घोटभर पी. चेहरा बघ कसा झालाय.”

मदतनीस बाई कामावर परत आली. जोडीला आणखी एक बाई आली. सेवागृहापुरतं प्रकरण तिथे मिटलं. आई विरुद्ध चिरंजीव हा दावा मात्र चालू आहे. दर तारखेला चिरंजीव रजा टाकून येतात आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर आईशेजारी बसतात. केसबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, असं दोन्ही वकिलांनी बजावलं असल्यामुळे, ते बाकी सगळ्याबद्दल बोलतात. पुकारा झाला तर कधीकधी दोघांनाही ऐकू येत नाही आणि पुढची तारीख पडते. निकाल लवकर लागावा, असा अर्ज अजून दोघांपैकी कुणीही केलेला नाही.

धाकटी तेवढी नाराज आहे. परवा ती एकटीच वकीलबाईंच्या ऑफिसात जाऊन बसली होती. “माझीही काही चूक निघते का, बघा ना,” म्हणत होती. वकीलबाई म्हणाल्या, “निघेल. पण आधी बुधवारी जाऊन आईला विचारा.”

ही हकीकत ज्याला सांगावी तो मन लावून ऐकतो, वृद्धांच्या हालाबद्दल हळहळतो, आणि शेवटी न चुकता विचारतो, की मग भरपाई किती मिळाली. आईचा हात कोणता मोडला होता, डावा की उजवा, हे आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा न विचारताच इथपर्यंत आलात.